चित्रफीत-संकलनाच्या आज्ञासूचीतील ‘एडिट’ : एक अर्थविचार

चित्रफितीचे संकलन करणाऱ्या संगणक-प्रणालींच्या शिरोभागी आज्ञांची पट्टी असते. ‘प्रीमियर प्रो’ या प्रणालीत ती ‘फाईल, एडिट, क्लिप, सीक्वेन्स’ अशी सुरू होते. हा क्रम वरवर निरुपद्रवी दिसतो. परंतु मराठी परिभाषेची कसोटी येथेच लागते.

प्रणालीचा हेतूच ‘एडिटिंग’ असल्यामुळे नवशिका प्रथम ‘एडिट’कडे वळावा, हे स्वाभाविकच होय. तेथे त्यास काय आढळते? कृती मागे घेणे, नक्कल करणे, चिकटविणे, म्हणजे लेखन-प्रणालींतून वारशाने आलेल्या आज्ञा. चित्रखंडास छेद देणारी ‘अ‍ॅड एडिट’ ही आज्ञा मात्र ‘सीक्वेन्स’खाली आहे. ‘दा विंची रिझॉल्व्ह’मध्ये तर पडद्याच्या वर ‘एडिट’ ही सूची आणि तळाशी ‘एडिट’ हे दालन, अशी एकाच शब्दाची दोन ठाणी आहेत. ‘कट’ची गतही तीच. सूचीत त्याचा अर्थ उचलून घेणे. चित्रपटाच्या परिभाषेत तो दोन दृश्यखंडांमधील सांधा.

ही संदिग्धता मराठीने पत्करण्याचे कारण नाही. आपल्याकडे ग्रंथाचे होते ते संपादन, चित्रपटाचे होते ते संकलन. ‘संकलना’त एकत्र आणण्याचा, बेरजेचा अर्थ आहे, कापणे हे त्याचे केवळ साधन. संगणकावर ‘एडिट’ला ‘संपादन’ हा प्रतिशब्द रूढ आहे. चित्रफितीच्या प्रणालीत तरी तेथे ‘संकलन’ हवे, असा आक्षेप कोणी घेईल. तो ग्राह्य नाही. कारण त्या सूचीत मुख्यत्वे संकलन नसते. सूचीस ‘संपादन’, दालनास ‘संकलन’ आणि ‘अ‍ॅड एडिट’ला ‘छेद द्या’ असे म्हणावे. प्रतिशब्द शब्दाचा नव्हे, कार्याचा द्यावयाचा असतो.

पाचोऱ्यासारख्या गावी लग्नाच्या चित्रफिती सांधणारा तरुण इंग्रजी नावांवरच काम निभावतो, मग हा खटाटोप कशासाठी, असेही विचारले जाईल. शब्द उसना घेण्यास हरकत नाही. परंतु अर्थावाचून घेतलेला शब्द केवळ जागेची खूण ठरतो. प्रणाली बदलली की जागा बदलते आणि खूण हरवते. कार्य ज्यास कळले, तो नव्या पडद्यावरही वाट काढतो.

२००२ साली आरंभ झालेली ‘केडेनलाइव्ह’ ही प्रणाली मुक्तस्रोत आहे. तिच्या भाषांतरास कोणीही हातभार लावू शकतो. परिभाषेच्या अभ्यासकांनी निदान तेथे तरी हा भेद राखावा. मराठीने कमावलेला भेद भाषांतरात गमावणे हे दारिद्र्य नव्हे, अनवधान होय.