फेणे मोठा झाला, पण त्याने बदललं काय?

रूपांतरावर रिसर्च प्रपोजल लिहायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: मूळ पुस्तकाशी किती प्रामाणिक? वर्ध्यात पेटची तयारी करणाऱ्या दोघांचे आराखडे वाचले, दोन्हींत हेच. याचं उत्तर ‘थोडं आहे, थोडं नाही’ असंच येणार, मग त्यावर तीन-चार वर्षं काय काढणार? लिंडा हचन यांनी २००६ च्या ‘अ थिअरी ऑफ अ‍ॅडाप्टेशन’मध्ये ही फूटपट्टी कधीच बाजूला ठेवली आहे.

त्यापेक्षा एकच बदल पकडा आणि तो कुठवर जातो ते बघा.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा बनेश, पुण्यातली शाळा, सायकल आणि ते ‘ट्टॉक्’. १९८७ च्या दूरदर्शन मालिकेत सुमीत राघवन होता, तोही तेव्हा पोरसवदाच. २०१७ च्या आदित्य सरपोतदारांच्या सिनेमात मात्र अमेय वाघचा फेणे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला बसतो. लोक म्हणाले, आधुनिक केला. मला वाटतं, वय वाढवल्यामुळे गुन्ह्याची जातच बदलली. पुस्तकातला फेणे प्रतापगडावर जातो, काश्मीरला जातो, तिथे भानगड त्याला आडवी येते. ती निस्तरली की शाळा आहेच, भरवशाची. सिनेमात भानगड परीक्षेतच आहे. परतायचं कुठे? १८ जून २०२४ ला नेट देऊन दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाल्याचं ज्यांनी वाचलं, त्यांना हे वेगळं समजवायला नको. सिनेमाचा खरा ऐवज मला इथे दिसतो, पाठलागात नाही.

गमावलं काय, तर निवेदक. बीबीसीच्या ‘शेरलॉक’मध्ये (२०१०) वॉटसन अफगाणिस्तानातूनच परततो, जसा १८८७ च्या कादंबरीत परतला होता, फक्त आता तो ब्लॉग लिहितो. साधन बदललं, काम तेच राहिलं. आपल्याकडे दिलीप प्रभावळकरांना थेट भा. रा. म्हणून पडद्यावर आणलं. कल्पना गोड आहे, प्रभावळकर तर काय, बघतच राहावं! पण गोष्ट त्यांच्या नजरेतून दिसत नाही. भागवतांचं ते फेण्याला चिमटे काढणारं मिश्कील सांगणं गेलं, आणि थ्रिलर उरला.

एक अडचण आधीच लिहून टाका: ‘शेरलॉक’ दीड-दीड तासांच्या भागांची मालिका आहे, ‘फास्टर फेणे’ एकच सिनेमा. निवेदक जमवायला कुणाला किती वेळ मिळाला, हे व्हायव्हात विचारतीलच.