मन, आत्मा आणि आमचें भाषांतर

अध्यात्मविषयक मराठी ग्रंथांस अलीकडे वाचक पुष्कळ मिळतात, आणि त्यांपैकीं बऱ्याच ग्रंथांची भाषाही सुबोध असते. परंतु असे चार ग्रंथ ओळीनें वाचले असतां एक गोष्ट खटकल्यावांचून राहत नाहीं. त्यांतील मोक्ष म्हणजे अखेर मनाची स्वस्थता होऊन बसते. चिंता ओसरली, राग आवरला, झोंप नीट लागूं लागली, कीं अध्यात्म साधलें असें लेखकास वाटतें. हीं फळें तुच्छ आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. प्रपंचांत त्यांचें मोल मोठें आहे. प्रश्न इतकाच कीं, दर्शनकारांनीं ज्यास मोक्ष म्हटलें तो हाच काय?

आमच्या मतें हा घोटाळा विचाराचा कमी आणि शब्दांचा अधिक आहे. इंग्रजी शिकतांना 'माइंड' म्हणजे मन आणि 'सोल' म्हणजे आत्मा ही जोडी पाठ होते, व पुढें ती कोणी तपासून पाहत नाहीं. युरोपांत डेकार्टनें आपल्या १६४१ सालच्या ग्रंथांत जगाची जी फाळणी केली, ती शरीर आणि मन यांच्या दरम्यान. विचार करणारें तें मन आणि तोच आत्मा. जागा व्यापणारें तें जड. आमच्याकडील रेघ निराळ्या ठिकाणीं पडते. सांख्यांच्या २५ तत्त्वांत मन, अहंकार व बुद्धि हीं तिन्ही प्रकृतीच्या बाजूस येतात. म्हणजे ज्या पंगतीस माती आणि पाणी, त्याच पंगतीस मन. पलीकडे पुरुष एकटा.

छांदोग्योपनिषदाच्या सहाव्या अध्यायांत ही गोष्ट प्रयोगानेंच पटवून दिली आहे. श्वेतकेतु १२ वर्षें गुरुगृहीं राहून वेद पढून आला आहे, आणि विद्येबरोबर ताठाही घेऊन आला आहे. मन हें अन्नाच्या अतिसूक्ष्म अंशापासून बनतें, असें उद्दालक त्यास सांगतो. आणि १५ दिवस जेवूं नकोस, पाणी मात्र हवें तितकें पी, असें फर्मावतो. नंतर ऋचा म्हण, यजु म्हण, साम म्हण, असें विचारतां मुलास एक अक्षर आठवत नाहीं. पोटभर जेवल्यावर सर्व आठवतें. (परीक्षेच्या दिवसांत कडकडीत उपास करणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग अवश्य ध्यानांत ठेवावा.) ज्याची स्मृति दोन घांसांवर अवलंबून आहे, त्याची शांतिही तशीच असणार. अशा मनाच्या स्वस्थतेलाच मोक्ष म्हटलें, तर तो मोक्ष पथ्यपाण्यावर टिकेल व पथ्य मोडतांच जाईल. नित्य वस्तूचा शोध घेणाऱ्या ऋषींस एवढें कळत नव्हतें असें मानणें कठीण आहे.

येथें चतुर वाचक विचारील कीं, मन जड आणि आत्मा मूळचाच निर्लेप, तर मग सुटतो तरी कोण? प्रश्न खरा आहे, आणि आजचे सुबोध ग्रंथ तो टाळतात ही आमची मुख्य तक्रार आहे. ईश्वरकृष्णानें तो टाळला नाहीं. सांख्यकारिकेंत तो स्पष्ट सांगतो कीं, पुरुष बद्धही होत नाहीं आणि मुक्तही होत नाहीं. बंध आणि मोक्ष दोन्ही प्रकृतीचे. हें उत्तर धीट खरें, पण तें ऐकून साधना करण्याचा हुरूप कोणास येईल? शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभींच अध्यासाची मांडणी करून निराळी वाट काढली: आत्मा आणि अनात्मा यांची सरमिसळ हाच बंध, व ती ओळखणें हीच सुटका. बुद्धीस हें पटतें. पण पटल्यावर दुसऱ्या दिवशीं राग पूर्ववत् येतोच. चवदाव्या शतकांत विद्यारण्यांनीं 'जीवन्मुक्तिविवेकां'त नेमकी हीच अडचण हातीं घेतली. तत्त्वज्ञानाच्या जोडीस त्यांनीं वासनाक्षय आणि मनोनाश हीं दोन साधनें घातलीं. मनोनाश म्हणजे शुद्ध हरपणें नव्हे. वृत्तींची अखंड माळ तुटून मन निरुद्ध होणें. मन सजवा, असें आजचे लेखक सांगतात. विद्यारण्य त्याचा नाशच मागतात. दोहोंतील अंतर शब्दापुरतें नाहीं.

मराठींत ही दृष्टि अपरिचित होती असेंही नाहीं. समर्थांनीं २०५ श्लोक मनास उद्देशून रचिले. आणि ज्यास हांक मारावयाची तो हांक मारणाऱ्याहून निराळा असावा लागतो. लोकमान्यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्यां'त मन व बुद्धि यांचीं कामें काळजीपूर्वक वेगळीं केलीं, आणि दोहोंच्याही पलीकडे क्षेत्रज्ञ ठेविला. त्यांच्या कर्मयोगाशीं कोणाचें जमो वा न जमो, त्या प्रकरणाची काटेकोर परिभाषा आजही उपयोगी पडेल.

मॅक्समुल्लरनें उपनिषदें इंग्रजींत आणतांना आत्म्यास 'सोल' न म्हणतां 'सेल्फ' म्हटलें, तें जाणूनच. परंतु इंग्रजींतून मराठींत परत येतांना तो 'सेल्फ' कित्येकदां 'स्व' होतो, आणि 'स्व' म्हणजे आवडीनिवडींसह आपलें व्यक्तिमत्त्व असा अर्थ वाचक घेतो. मग आत्मज्ञान म्हणजे आपला स्वभाव ओळखणें, असें सहजच ठरतें. सांख्यांच्या हिशेबीं तो सगळा अहंकाराचा प्रांत आहे. लेखकांनीं मूळ पदें तशींच ठेविलीं असतीं, तर ग्रंथास दोन-चार टीपा अधिक जोडाव्या लागल्या असत्या, इतकेंच.