‘सांभाळून’ : कांहीं चरित्रांतील वेळेचा हिशेब

मराठींत एक वाक्प्रयोग फार दिवसांपासून रूढ आहे. एखाद्या पुरुषानें पोटाचा उद्योग करीत पदवी मिळविली, म्हणजे त्यानें ‘नोकरी सांभाळून’ शिक्षण केलें असें आपण म्हणतों. तेंच एखाद्या स्त्रीनें केलें, म्हणजे तिनें ‘संसार सांभाळून’ केलें असें म्हणतों. मग ती नोकरीही करीत असो. गौरवग्रंथांत, सत्काराच्या भाषणांत आणि वर्तमानपत्रांतील परिचयांत हा शब्द इतक्या सहज येतो कीं, त्याच्या पोटांत काय दडलें आहे हें पाहण्याची तसदी कोणी घेत नाहीं. दिवसाचे तास चोवीसच. त्यांतून नोकरीचे तास गेले, अभ्यासाचे तास गेले. मग मागें राहिलेलें घर सांभाळलें कोणी? आमच्या वाङ्मयांतील कांहीं आत्मचरित्रें ह्या एका प्रश्नाच्या कसोटीवर घासून पाहावीं, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा प्रश्न केवळ पोथींतला नव्हे. भंडारा जिल्ह्याचें वर्ष कसें चालतें हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस तो निराळा समजावून सांगावा लागत नाहीं. पावसाळ्याच्या तोंडीं महाविद्यालयांचीं सत्रें सुरू होतात, आणि त्याच दिवसांत वैनगंगेच्या खोऱ्यांतील बांध्यांत धानाची रोवणी निघून घरांतला प्रत्येक हात चिखलांत गुंततो. उन्हाळ्यांत परीक्षा येतात, आणि तोच तेंदूपत्ता तोडण्याचा हंगाम असतो. विडीचा धंदा तर घराच्या ओसरीवरच चालतो. सूप मांडीवर घेऊन पान कापावयाचें, तंबाखू भरावयाची, विडी वळून दोरा बांधावयाचा; मजुरी हजारावर. तेथें तासभर वाचन म्हणजे तितक्या विड्या कमी, हा रोकडा हिशेब आहे. १९८९ सालीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें, आणि काम करणाऱ्यांस घरबसल्या शिकण्याची वाट मोकळी झाली, हें फार मोठें कार्य होय. परंतु ‘घरबसल्या’ ह्या शब्दानें घरांत बसावयास सवड आहे असें गृहीत धरलें आहे. ही सवड कोठून येते, तेंच पाहावयाचें आहे.

प्रथम रमाबाई रानडे ह्यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें १९१० सालचें पुस्तक घेऊं. नांवांतच ‘माझ्या’ न म्हणतां ‘आमच्या’ म्हटलें आहे, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. १८७३ सालीं, वयाच्या बाराव्या वर्षीं, रमाबाई न्यायमूर्तींच्या घरीं आल्या, आणि कचेरीचें काम, सभा व लेखन ह्यांतून वेळ काढून पतीनें त्यांस स्वतः शिकविलें. एवढ्यावरून बहुतेक टीकाकार हें पुस्तक पतीच्या उदारतेचें आणि पत्नीच्या निष्ठेचें चित्र म्हणून वाचतात. तें चित्र खरें आहे, पण अपुरें आहे. विद्या माडीवर मिळाली, तरी माजघरांतील कामाचा वांटा त्यामुळें उतरला नाहीं. घरांतील वडील बायकांच्या टोमण्यांविरुद्ध पतीनें उपदेश केला तो सोसण्याचा. म्हणजे शिक्षण हें कामाच्या बदलीं आलें नाहीं, कामावर भर म्हणून आलें.

त्या वडील बायकांविषयींही येथें एक शब्द बोलणें अवश्य आहे. सुधारणेच्या इतिहासांत त्यांची गणना विरोधकांत होऊन चुकली आहे. परंतु नव्या सुनेनें पुस्तकापुढें काढलेला तास कोणाच्या ना कोणाच्या हातावर पडणार. आणि तो ज्या बायकांच्या हातावर पडणार, त्यांस स्वतःस अक्षर शिकण्याची संधि कोणीं दिली नव्हती. त्यांच्या कडवटपणांत रूढीचा भाग मोठा होता ह्यांत संशय नाहीं. तरी न मिळालेल्या वेळेचें दुःखही त्यांत असावें असें आम्हांस वाटतें. रमाबाईंनीं हें असें स्पष्ट मांडलें नाहीं. पण त्यांच्या लेखणींत द्वेष नसल्यामुळें आज वाचणाऱ्यास तें दिसूं शकतें, आणि हाच ह्या पुस्तकाचा मोठा गुण होय.

दुसरें उदाहरण अधिक बोलकें आहे, कारण तेथें एकाच संसाराचे दोन जमाखर्च छापलेले आहेत. धोंडो केशव कर्वे ह्यांचें ‘आत्मवृत्त’ १९१५ सालचें, आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया ह्यांचें ‘माझें पुराण’ १९४४ सालचें. कर्वे फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत, आणि आश्रम १९०० सालीं हिंगण्यास गेल्यावर दिवसाचें अध्यापन आटोपून पायीं तिकडे जात. त्यांचें पुस्तक निरहंकार आहे. दुसऱ्यांच्या उपकारांची नोंद त्यांत मनापासून केली आहे. पण त्याचा मध्यबिंदु संस्था हा आहे. संस्थेकडे गेलेला पैसा आणि वेळ घरांतून कसा वजा झाला, हें कळण्यासाठीं बायांचेंच पुस्तक उघडावें लागतें. स्वतः बाया पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकलेल्या, विधवापणांतून १८९३ सालीं पुनर्विवाह करून आलेल्या. तेव्हां संस्थेचें मोल त्यांस कोणीं शिकवावें असें नव्हतें. तरीही मुलांचें काय, उद्यांचें काय, हें त्या विचारतात, आणि खट्याळपणें विचारतात. कोणी म्हणेल, थोर कार्यापुढें ही कुरकुर क्षुद्र आहे. आमचें मत उलट आहे. पहिल्या पुस्तकानें कार्य मोठें दिसतें, दुसऱ्यानें त्याची किंमत दिसते; आणि किंमत कळल्यावांचून कार्याची थोरवीही नीट कळत नाहीं.

तिसरें उदाहरण भंडाऱ्याच्या वाचकांस परकें नाहीं. १९५४ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीस उभे राहिले आणि पराभूत झाले. त्यांच्या आयुष्याचा आरंभीचा काळ म्हणजे अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्याची झुंज. विलायतेचें शिक्षण १९१७ सालीं सोडून यावें लागलें. १९१८ पासून १९२० पर्यंत त्यांनीं सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी केली, पैसा सांठविला, आणि पुन्हा लंडन गांठलें. इकडे मुंबईंत तुटपुंज्या पैशांत घर चालविलें तें रमाबाईंनीं. त्या संसारांत चार अपत्यें अल्पवयांत गेलीं. स्वतः रमाबाई १९३५ सालीं वारल्या. पुढें पाकिस्तानविषयक आपल्या ग्रंथाची अर्पणपत्रिका बाबासाहेबांनीं त्यांच्या स्मृतीस वाहिली, आणि तींत त्यांच्या सोशिकपणाचा उल्लेख केला. ऋणको स्वहस्तें ऋण लिहून देतो, असे दाखले आमच्या वाङ्मयांत विरळा.

परंतु बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नाहींत. १९४६ सालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें मुंबईंत सिद्धार्थ कॉलेज काढलें, तेव्हां नोकरी करणाऱ्यांस शिकतां यावें म्हणून वर्ग सकाळीं ठेवले. ह्यांतला विचार मोलाचा आहे. विद्यार्थ्यानें आपलें आयुष्य घंटेप्रमाणें वांकवावें असें न म्हणतां, येथें घंटाच विद्यार्थ्याच्या आयुष्याप्रमाणें हलविली. दूर हव्हानांत चिरुटांच्या कारखान्यांतून १८६५ पासून वाचक बसविण्याची चाल पडली. हात पान वळीत आणि कान ग्रंथ ऐकत, व वाचकाचा मेहनताना कामगार आपल्या मजुरींतून देत. साधन वेगळें, पण तत्त्व तेंच : सवड ही एकट्याच्या निश्चयानें निर्माण होत नाहीं, ती कोणीतरी द्यावी लागते.

ह्यावरून चरित्रलेखकांस एक विनंति करावीशी वाटते. ‘रात्रीचा दिवस केला’ असें लिहितांना, त्या रात्रीं चूल कोणीं पेटविली, मूल कोणीं निजविलें, रोवणीचा किंवा विडीचा खाडा कोणीं भरून काढला, हेंही लिहावें. त्यानें नायकाची उंची कमी होत नाहीं. जें वजा होतें तें केवळ चमत्काराचें वलय. आणि तें वजा होणें इष्टच आहे. कारण चमत्कार पाहून तरुण वाचक एक तर हात जोडतो, नाहीं तर आपल्या अपयशास आपलाच आळस कारण असें समजून खचतो. उलट हिशेब पाहून त्याला कळतें कीं, आपल्याला कोणाकडे काय मागावयाचें आहे, आणि कोणाचें काय फेडावयाचें आहे.

झाडीपट्टींतील एखादी विडी वळणारी मुलगी जेव्हां पदवी घेऊन आपली कहाणी लिहील, तेव्हां तिनें ‘सगळें सांभाळून शिकलें’ ह्या एका वाक्यावर आपली सुटका करून घेऊं नये. तिच्या वाटच्या विड्या वळणाऱ्या आईचें, धाकट्या बहिणीचें नांव तींत यावें. आणि ती बहीण पुढें शिकली किंवा नाहीं, हेंही यावें.