मुक्त संशोधनातील सहायकांचे श्रेय : एक चिकित्सा

प्रस्तावना :
संशोधन हे एकट्याचे कार्य होय, ही समजूत मोठ्या सामूहिक प्रकल्पांना लागू पडत नाही. नारायणगावजवळील खोडद येथील 'जीएमआरटी' ही रेडिओ दुर्बीण याचे उदाहरण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेनांची ही दुर्बीण २००२ पासून जगभरातील खगोलशास्त्रज्ञांना खुली आहे. ठरावीक मुदतीनंतर तिच्या निरीक्षणांच्या नोंदीही इतर अभ्यासकांना उपलब्ध होतात. ॲन्टेनांची देखभाल करणारे तंत्रज्ञ, रात्रपाळीचे ऑपरेटर आणि नोंदी जतन करणारे कर्मचारी यांच्यावर हा खुलेपणा उभा आहे. शोधनिबंधात मात्र त्यांच्या वाट्याला बहुधा कर्मचारीवर्गाचे एकत्रित आभार, एवढेच येते.

श्रेयाची परिभाषा :
ही उणीव दूर करण्यासाठी 'क्रेडिट' नावाचे वर्गीकरण २०१४ मध्ये मांडले गेले व २०२२ मध्ये ते अमेरिकेत राष्ट्रीय मानक झाले. त्यातील १४ भूमिकांमध्ये सॉफ्टवेअर, माहितीचे जतन व प्रकल्प-प्रशासन यांना लेखनाच्या बरोबरीचे स्थान मिळाले, हे त्याचे महत्त्व होय. तथापि त्याच्या दोन मर्यादा जाणवतात. 'साधने' या भूमिकेत उपकरण पुरविणे येते. ते वर्षानुवर्षे चालते ठेवण्याचे श्रम तीत स्पष्टपणे येत नाहीत. दुसरी मर्यादा व्यवहारातील आहे. ऋणनिर्देशातील व्यक्तींची भूमिका नोंदविण्यास या वर्गीकरणाची आडकाठी नसली, तरी अनेक नियतकालिके केवळ लेखकांच्याच भूमिका छापतात. परिणामी ज्यांना या परिभाषेची सर्वाधिक गरज, तेच तिच्याबाहेर राहतात.

लेखकत्वाचा प्रश्न :
सर्वांना लेखक करणे हा यावरील उपाय नव्हे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वाचे ४ निकष सांगितले आहेत. त्यांत अंतिम मजकुरास संमती आणि संपूर्ण कार्याचे उत्तरदायित्व यांचा समावेश आहे. निष्कर्षांचे उत्तरदायित्व तंत्रज्ञावर लादणे अनुचित ठरेल. परंतु तेवढ्यावरून त्याचे नावही वगळणे समर्थनीय ठरत नाही.

समारोप :
नेमणूक वा पदोन्नतीच्या वेळी केलेल्या कामाचा पुरावा मागितला जातो. सामूहिक आभारातून तो मिळत नाही. म्हणून ऋणनिर्देशात संमतीने व्यक्तीचे नाव व नेमके काम नोंदविले जावे आणि नोंदसंग्रह व सॉफ्टवेअर यांचा संदर्भ त्यांच्या कर्त्यांच्या नावासह दिला जावा. ज्ञान सर्वांना खुले करताना ते घडविणाऱ्यांची नावे झाकलेली राहणे, ही मुक्त संशोधनातील मोठी विसंगती आहे.