विलायती मद्याची किंमत व चांदा प्रांताचा इतिहास

जेम्स फॉर्सिथ याचा 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हा ग्रंथ १८७१ सालीं प्रसिद्ध झाला. मध्यप्रांतांतील अरण्यें, श्वापदें आणि गोंड-कोरकू लोक यांचें डोळ्यांनीं पाहून केलेलें वर्णन म्हणून त्याची योग्यता मोठी आहे. चांदा व गडचिरोली या अरण्यमुलखाच्या अभ्यासकासहि तो चाळावाच लागतो. परंतु त्यांतील मद्यविषयक मजकूर साधन म्हणून वापरतांना जी सावधगिरी हवी ती बहुधा राखली जात नाहीं, असें आम्हांस वाटतें. त्याचीं कारणें येथें थोडक्यांत मांडतों.

पहिली गोष्ट स्थलाची. फॉर्सिथ हा निमाडचा डेप्युटी कमिशनर. त्याचा संचार प्रामुख्यानें निमाड, पंचमढी, मंडला या सातपुड्याच्या बाजूचा. वैनगंगा व प्राणहिता यांच्या खोऱ्याचा साक्षीदार म्हणून त्याला उभें करतां येत नाहीं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गोंडांच्या पानासक्तीवर त्यानें टीका केली आहे. आणि त्याच ग्रंथांत, मोहाच्या फुलांची दारू नीट काढली व मुरूं दिली तर ती मुळींच टाकाऊ नसून कांहींशी आयरिश व्हिस्कीसारखी लागते, अशी कबुलीहि त्यानें दिली आहे. वाचकाच्या ध्यानांत टीका राहते, कबुली राहत नाहीं. हीं दोन विधानें शेजारीं ठेवलीं म्हणजे असा प्रश्न उभा राहतो कीं, मोहाचा सडा दारांत पडत असतां त्या रानांतील साहेब लोक हजारों कोसांवरून आलेली बाटली घेत, तिची किंमत काय पडे व ती कोण सोशी?

परमुलखांत राहणारास स्वदेशचें पेय महाग पडतें, ही तक्रार जुनी आहे. एलायझा फे ही बाई १७८० सालीं कलकत्त्याहून लिहितांना सांगते कीं, येथें खाण्याचे जिन्नस फार स्वस्त, मदीरा मद्य मात्र फार महाग. तिचीं पत्रें १८१७ सालीं छापून निघालीं, व हिंदुस्थानांतील इंग्रजांच्या राहणीविषयीं तीं उत्तम साधन आहेत. तथापि कलकत्ता हें बंदर होय. तेथील भावावरून चांद्याच्या भावाचा अंदाज बांधणें म्हणजे विहिरीच्या कांठीं उभें राहून माळावरील पाण्याचें मोल सांगणें होय.

चांद्याची वाट कशी होती तें पाहूं. भोसल्यांचें राज्य १८५४ सालीं खालसा होऊन चांद्यास इंग्रज अधिकारी बसले, त्या वेळीं मुंबई-नागपूर आगगाडी नव्हती. ती नागपुरास १८६७ सालीं पोहोंचली. सुवेझचा कालवा १८६९ सालीं खुला झाला. वर्धा खोऱ्याची आगगाडी १८७७ सालीं वरोऱ्यापर्यंत आली व पुढें १९०८ सालीं बल्लारपुरास गेली. तोंपर्यंत चांद्याच्या पेटीस शेवटची मजल बैलगाडीनेंच करावी लागे. मूळ किंमतीवर जहाजाचें भाडें, बंदरावरील जकात, मुंबईच्या व्यापाऱ्याचा व कामठी छावणींतील दुकानदाराचा नफा, गाडीभाडें आणि वाटेंत फुटलेल्या बाटल्यांची तूट, इतके थर चढत. १८८२ सालीं सरकारनें बहुतेक आयात मालावरील जकात उठविली, पण मद्यावरील उठविली नाहीं.

सिरोंचाची स्थिति याहून बिकट. १८६० सालीं निजामाकडून गोदावरीचा डावा तीर इंग्रजांकडे आला व अपर गोदावरी जिल्ह्याचें ठाणें सिरोंचास झालें. नदींतील खडकांचे अडथळे काढून वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस समुद्राकडे नेण्याची योजना हातीं घेतली होती. ती सिद्धीस जाती तर साहेबांच्या पेट्याहि त्याच नदीनें वर येत्या. पण १८७१ सालीं तें काम सोडून देण्यांत आलें, व सिरोंचा दूरचें तें दूरच राहिलें.

वाट सुधारली म्हणजे माल स्वस्त होतो, असा सामान्य नियम आहे. येथें तो पुरता लागू पडत नाहीं, आणि हाच भाग अभ्यासकांच्या नजरेंतून सुटतो. मद्याची किंमत पौंडांत ठरे व साहेबाचा पगार रुपयांत मिळे. १८७१ च्या सुमारास रुपया जवळजवळ दोन शिलिंगांचा होता. चांदी उतरत गेली, तसा तोहि उतरला, व १८९४-९५ सालीं सुमारें तेरा पेन्सांवर आला. उदाहरणार्थ, विलायतेंत दोन पौंडांस मिळणारी पेटी धरली, तर पहिल्या भावानें तिचे वीस रुपये होतात आणि दुसऱ्या भावानें सुमारें सदतीस. म्हणजे आगगाडीनें जें वांचविलें तें हुंडणावळीनें खाल्लें.

या नुकसानीबद्दल युरोपियन अधिकाऱ्यांनीं ओरड केली, व १८९३ सालीं सरकारनें त्यांस हुंडणावळीच्या भरपाईचा भत्ता मंजूर केला. भत्ता हिंदुस्थानच्या तिजोरींतून दिला जाई. त्याच तिजोरींत अबकारीचा वसूल जमा होई, आणि या अरण्यांत अबकारी म्हणजे मुख्यतः मोहाची दारू. एकाचा पैसा उचलून दुसऱ्यास दिला, असें आम्ही म्हणत नाहीं. तिजोरींत पडलेल्या पैशास नांव नसतें, आणि विलायती बाटलीहि जकात भरीतच होती. तथापि एकाचें पेय महाग झालें तर भरपाई, आणि दुसऱ्याचें पेय महाग करणें हेंच राज्यकारभाराचें धोरण, हा भेद इतिहासकारानें नोंदविलाच पाहिजे.

तो नोंदला गेला नाहीं याचें कारण साधनांतच आहे. गोंडाच्या दारूपासून सरकारास उत्पन्न होतें, म्हणून ती सरकारी अहवालांत व गॅझेटिअरांत आली. साहेबाची दारू त्याच्या खासगी हिशेबांत राहिली. अहवाल छापले गेले व टिकले; हिशेब रद्दींत गेले. जें छापलें गेलें तेवढ्यावरून गोंड हा मद्यपी ठरला. फॉर्सिथच्या टीकेस आज जो भार आला आहे तो त्याच्या पुराव्याचा नसून समोरचा पुरावा नष्ट झाल्याचा आहे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. सनदा व फर्मानें जपलीं जातात. दुकानदाराची कीर्द, गाडीवानाची भाडेचिठ्ठी, कलालाच्या मक्त्याची मोडी फर्द यांस कोणी विचारीत नाहीं. नागपूर, कामठी, वरोरा, चंद्रपूर येथील जुन्या घरांत असे रुमाल आढळल्यास ते फेंकूं नयेत. आंकडा उतरून घेतांना तीन गोष्टी अवश्य पाहाव्या : भाव बाटलीचा कीं डझनाचा, मुंबईचा कीं जागेवरचा, आणि जुन्या कागदांत रुपया नागपुरी कीं कंपनीचा. हें न पाहतां काढलेला निष्कर्ष व्यर्थ होय.

विषय केवळ जुन्या कुतूहलाचा नाहीं. गडचिरोली हा १९८२ सालीं वेगळा जिल्हा झाला व १९९३ पासून तेथें दारूबंदी आहे. चंद्रपुरांत ती २०१५ सालीं आली व २०२१ सालीं उठली. या वादांत आदिवासी आणि दारू यांविषयीं जीं विधानें सहज केलीं जातात, त्यांचें मूळ पुष्कळदा गेल्या शतकापूर्वीच्या अशाच एकांगी साधनांत सांपडतें. दारूबंदी असावी कीं नसावी हा निर्णय या पृष्ठांचा नव्हे. पण ज्या पुराव्यावर माणसांची कीर्ति ठरते त्याच्या दोन्ही बाजू दफ्तरांत असाव्यात, एवढी काळजी घेणें हें आमचें काम आहे.