कार्बनचक्राच्या तक्त्यात दगड कुठे आहे?

कार्बनचक्राचा भिंतीवरचा तक्ता बहुतेक शिक्षकांच्या ओळखीचा असतो. झाड, गाय, सूर्य, कारखान्याचे धुराडे आणि त्यांना जोडणारे बाण. श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण यांचे नाते त्यावरून मुलांना चटकन कळते, हे आम्हाला मान्य आहे. आमची तक्रार वेगळी आहे. या तक्त्यात समुद्र कोपऱ्यात असतो आणि दगड बहुधा नसतोच.

प्रमाण पाहा. हवेत सुमारे ८७० अब्ज टन कार्बन आहे, समुद्राच्या पाण्यात सुमारे ३८,००० अब्ज टन. चुनखडकासारख्या खडकांत मात्र कोट्यवधी अब्ज टन! सर्वांत मोठे कोठारच तक्त्याबाहेर राहते.

मुंबईतल्या शिक्षकाला ते दाखवायला दूर जावे लागत नाही. मलबार हिलचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. सह्याद्रीही त्याचाच. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल बनते. ते पाषाण झिजवते आणि त्यातले कॅल्शियम कार्बनसह समुद्रात नेते. तिथले जीव त्याचे शिंपले करतात. त्या वेळी निम्मा वायू पुन्हा मोकळा होतो, निम्मा शिंपल्यात अडकतो. गिरगाव चौपाटीवरचा रिकामा शिंपला कुटून त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे येतील, तो हाच वायू.

दुसरा दोष बाणांचा. गाईच्या श्वासाचा आणि धुराड्याचा बाण सारख्याच जाडीचे. गाय सोडते तो कार्बन गवताने अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. लालबाग-परळच्या गिरण्यांत एकेकाळी जळलेला दगडी कोळसा मात्र २५ कोटींहून अधिक वर्षे जमिनीत होता. आज जगभर कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून दरवर्षी सुमारे १० अब्ज टन कार्बन हवेत जातो. त्यातला साधारण निम्मा झाडे आणि समुद्र उचलतात, उरलेला साठत राहतो. खडकांच्या झिजेतून दगडात परत जातो तो जेमतेम शंभरावा हिस्सा. ‘चक्र’ या शब्दावरून मुलांना वाटते, गेले ते आपोआप परत येईल. येईलही, पण लाखो वर्षांनी. एवढे सांगितले नाही, तर तक्ता खोटा दिलासा देतो.

तक्ता काढून टाकायची गरज नाही. त्याच्या तळाशी एक काळा पट्टा रंगवा, त्यावर ‘खडक’ लिहा आणि प्रत्येक बाणावर मुलांकडूनच काळ लिहून घ्या : दिवस, वर्ष, लाख वर्षे.