बेणारेबाई आणि नाटकवेड्यांच्या गप्पा

नाटक पाहून आलेल्या माणसाला लगेच झोप लागत नाही. पडदा पडतो, दिवे लागतात, गर्दी दाराकडे सरकू लागते आणि त्या सरकण्यातच बोलण्याला सुरुवात होते. “पहिला अंक काय उभा केलाय!” “दुसऱ्यात जरा पाणी घातलं.” “आज बाईंचा आवाज बसला होता, पण निभावून नेलं हो!” हे बोलणे चहाच्या टपरीवर जाते, गाडीत शिरते, घरी पोचते आणि दुसऱ्या दिवशी भाजी चिरतानाही चालू राहते. मराठी माणूस नाटकवेडा आहे असे आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो. त्या वेडाचा निम्मा भाग नाटक पाहण्याचा आणि उरलेला निम्मा त्यावर बोलण्याचा असावा, असा माझा कयास आहे. पहिल्या भागावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले. दुसऱ्याला गप्पा म्हणून सोडून दिले. माझ्या मते या गप्पा हीसुद्धा टीकाच आहे आणि टीकेचे सारे गुणदोष तिच्यात आहेत. त्यांतला एक दोष तर इतका मोठा आहे की त्यावर विजय तेंडुलकरांनी एक अख्खे नाटक लिहिले. तेथवर जाण्यापूर्वी आमच्या मंडळींची ओळख करून दिली पाहिजे.

आम्ही सारे लवासात राहणारे, नाही तर तेथे पोटापाण्यासाठी येणारे. लवासा म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे वरसगावच्या जलाशयाकाठची, इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर बांधलेली रंगीत घरे येतात. ती आहेत. २०१० साली पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले, २०१८ साली कंपनीवर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. त्यामुळे दासव्याच्या आसपास अर्धवट राहिलेल्या इमारतीही आहेत. “नेपथ्य उभं आहे, पात्रं यायची आहेत,” असे आमच्यातले बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणतात. नाटक पाहायचे तर साठेक किलोमीटरवर पुण्याला जावे लागते. कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात, नाही तर त्याहून पुढे बालगंधर्व रंगमंदिरात. काका, काकू, किराणा दुकान चालवणाऱ्या वहिनी, हॉटेलात काम करणारा एक तरुण, मी आणि आयत्या वेळी सापडेल तो सहावा अशी एक जीप ठरते. प्रयोग सुटल्यावर पिरंगुट मागे पडते, टेमघर धरणाशी घाट लागतो आणि दीड-दोन तासांत गप्पांना अडवणारे कोणी नसते. पुण्याच्या प्रेक्षकाला घर पंधरा मिनिटांवर. त्याची टीका त्यामुळे त्रोटक राहते.

या टीकेचे सामर्थ्य कशात आहे ते ‘नटसम्राट’च्या उदाहरणाने सांगते. शिरवाडकरांचे हे नाटक २३ डिसेंबर १९७० रोजी रंगभूमीवर आले आणि डॉ. श्रीराम लागूंनी अप्पासाहेब बेलवलकर उभे केले. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी ती भूमिका केली. अगदी अलीकडे, २०१८ साली, मोहन जोशींनी केली. छापील पुस्तक एकच. त्यावर लिहिणारे बहुतेक लोक शेक्सपिअरच्या लिअर राजाशी तुलना करतात, भाषेचे वैभव दाखवतात आणि थांबतात. आमच्या जीपमध्ये मात्र अप्पासाहेब एक नसून अनेक आहेत. काकांनी तरुणपणी दत्ता भटांचे अप्पासाहेब पाहिले. ते कसे बोलत आणि कोठे थांबत, हे दाखवण्यासाठी काका बसल्या जागी अर्धे उठतात आणि त्यांचे डोके टपाला आपटते. हॉटेलातल्या तरुणाने २०१६ चा चित्रपटच तेवढा पाहिलेला, तेव्हा तो नाना पाटेकरांची बाजू घेऊन भांडतो. नाटकाचा प्रयोग मध्यरात्रीच्या आत विरून जातो; तो कोठे उरला तर अशा टपाला आपटणाऱ्या डोक्यांत उरतो. पुस्तकावरच्या पांडित्यपूर्ण टीकेला हे जमत नाही. मॅट्रिकपाशी शिक्षण थांबलेल्या माझ्यासारखीला याचा थोडा आनंद होतो हे कबूल करते.

आठवण वाढत जाते, ‘पूर्वीची सर नाही’ हे पालुपद येते, मध्यंतरातच निकाल लागतो. असल्या दोषांकडे मी फारसे लक्ष देत नाही. ते निरुपद्रवी आहेत. उपद्रवी दोष निराळा.

‘मानापमान’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली होती आणि तरीही ते भामिनी होऊन उभे राहिले, ही हकीकत शंभरांहून अधिक वर्षे घरोघर सांगितली जात आहे. ती ऐकताना डोळे पाणावतात. पण नीट पाहिले तर त्या क्षणी आपण नाटकाविषयी बोलत नसतो. आपण रंगमंचाची पायरी उतरून एका माणसाच्या घरात शिरलेलो असतो. बालगंधर्वांच्या घरात शिरलेले लोक आदराने शिरले आणि आदर घेऊन बाहेर पडले. नटीच्या घरात शिरणारी जिभ मात्र बहुधा चपला न काढताच शिरते. पुरुषाने दुःख गिळून रंग लावला तर तो त्याग. बाईने तसेच केले तर “हिला काही वाटतं की नाही?”

गेल्या वर्षी असेच झाले. नाटक चांगले होते, नायिकेचे काम तर फारच चांगले. पिरंगुटपर्यंत आम्ही तिच्या तिसऱ्या अंकातल्या एका थांबण्याविषयी बोलत होतो. पुढे आयत्या वेळचे सहावे गृहस्थ म्हणाले की ती कोणाबरोबर राहते ते त्यांना ठाऊक आहे. मग दुसऱ्या कोणालाही काही ठाऊक होते. मग तिसऱ्याने ऐकलेले. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर काकूंनी शांतपणे विचारले, “अहो, आपण अजून नाटकावरच बोलतोय ना?” टेमघरच्या धरणापर्यंत कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी काकूंनी निरोप पाठवला: पावसाळ्यात घाट उतरायचा नाही, तेव्हा आपण घरीच बसून ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ वाचू.

हे नाटक ‘रंगायन’ने १९६७ साली अरविंद देशपांड्यांच्या दिग्दर्शनाखाली प्रथम केले. विलेपार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेल्या एका हौशी मंडळींच्या गप्पा तेंडुलकरांच्या कानी पडल्या आणि त्यांतून त्यांना ते सुचले, असे सांगतात. त्याच्यावर आजवर जे लिहिले गेले त्यात बहुधा एकटी स्त्री आणि ढोंगी समाज यांचा झगडा पाहिला जातो. तो आहेच. पण नाटकवेड्यांच्या घोळक्यात बसून वाचले की ते नाटक आणखी एका गोष्टीचे वाटते: वेळ घालवण्यासाठी बोलणाऱ्या हौशी नाटकवाल्यांचे.

त्यातली परिस्थिती आठवून पाहा. मुंबईहून एका खेड्यात प्रयोगाला आलेली मंडळी. संध्याकाळपर्यंत वेळ मोकळा. रात्रीचा खटला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर, अण्वस्त्रांच्या गुन्ह्याबद्दल. म्हणजे विषय केवढा थोर! रावते आजारी म्हणून त्याच्या जागी गावातला सामंत साक्षीदार व्हायचा आहे आणि त्याला कोर्ट म्हणजे काय ते ठाऊक नाही. तेव्हा त्याला दाखवण्यासाठी एक लुटुपुटूचा खटला. आरोपी कोण? बेणारेबाई बाहेर गेल्या आहेत, त्याच होऊ देत. आरोप कसला? भ्रूणहत्येचा. सारे हसत चालले आहे. कोणीही दुष्ट हेतूने सुरुवात करत नाही, ही तेंडुलकरांची खरी नजर. एकाला एक गोष्ट ठाऊक असते, दुसऱ्याने काही ऐकलेले असते. रोकडेने बाईंना प्रोफेसर दामल्यांच्या घरी पाहिलेले असते, पोंक्ष्यांना हॉटेलातली एक भेट आठवते. प्रत्येकाकडे चिमूटभर माहिती. ती एकत्र आली की तिचे पुराव्यात रूपांतर होते. आमच्या जीपमध्ये जे पाच-सहा किलोमीटरांत घडले ते येथे तीन अंकांत घडते.

आणि या सगळ्या वेळात ही नाटकवाली मंडळी नाटकाविषयी किती बोलतात? पहिल्या अंकात थोडेसे. पुढे नाटकाचा त्यांना उपयोग एवढाच की, एरवी चारचौघांत विचारता न येणारे प्रश्न ‘खेळ आहे हो, मनावर घेऊ नका’ असे म्हणून विचारता यावेत. खेळाच्या आडोशाने माणूस जे बोलून घेतो ते एरवी बोलत नाही.

मला सर्वांत जास्त भिववतो तो सामंत. काशीकर, सुखात्मे यांच्यापासून आपण सावध राहू. सामंत तर भला माणूस. भाच्यासाठी घेतलेला कापडी पोपट बरोबर बाळगणारा. साक्षीला उभे केल्यावर त्याला काही ठाऊकच नसते, म्हणून तो हातातली कादंबरी उघडून त्यातली वाक्ये साक्ष म्हणून ठोकून देतो आणि ती नेमकी बेणारेबाईंच्या आयुष्याला लागू पडतात. मी शाळेतून आल्यावर कादंबऱ्या लिहिते. तीन छापूनही झाल्या. हा प्रसंग वाचताना मला घाम फुटला. फसलेल्या बाईच्या तोंडी कादंबरीकार जी तयार वाक्ये घालतात, ती बाजारात इतकी पडून आहेत की कोणीही उचलून कोणावरही फेकावीत.  

निकालात तेंडुलकरांचा उपरोध टोकाला जातो. खटला भ्रूणहत्येचा आणि शिक्षा काय, तर पोटातला गर्भ नष्ट करावा! ज्या गुन्ह्यासाठी कोर्ट बसले, तोच कोर्ट फर्मावते. त्याआधी आरोपीला बोलायला दहा सेकंद मिळतात. त्या दहा सेकंदांत बाकीचे सारे थिजतात आणि बाई आपले सगळे आयुष्य सांगून टाकते. ऐकतो फक्त प्रेक्षक. या भाषणाला अनेकांनी डोक्यावर घेतले, काहींनी ते नाटकी म्हटले. नाटकी आहे हे खरे. पण ज्या बाईला बोलू दिलेच नाही तिचे बोलणे आणखी कसे असणार? ती शिक्षिका आहे, नोकरी जाण्याच्या बेतात आहे आणि वर्गातली मुले हाच तिचा आधार आहे. सुलभा देशपांडे यांनी ही भूमिका प्रथम केली, त्या स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचा प्रयोग मी पाहिलेला नाही, तरी त्या भाषणातली वर्गाची ओढ त्यांना कोठे शोधावी लागली नसणार.

एक तक्रार मात्र नोंदवते. तेंडुलकरांनी आपल्या न्यायाधीशांना आणि साक्षीदारांना एकेक अपयश बहाल केले आहे. सुखात्मे बिनअशिलांचा वकील, पोंक्षे परीक्षेत अडकलेला शास्त्रज्ञ, काशीकर जोडपे निपुत्रिक. त्यामुळे प्रेक्षकाची सोय होते. जे हरले तेच दुसऱ्यावर तुटून पडतात असे त्याला वाटते आणि आपण हरलेलो नाही म्हणून तो निर्धास्त घरी जातो. माझा अनुभव असा की चांगले निवृत्तिवेतन, गुणी सून आणि दोन नातवंडे असलेली माणसेही न्यायासनावर अगदी आरामात बसतात. मुलांना शाळेतून न्यायला आलेल्या आयांच्या घोळक्यात कोणा नव्या शिक्षिकेविषयी जे बोलणे चालते, त्यात हरलेली एकही बाई नसते. तेंडुलकरांनी एक तरी पात्र सुखी, यशस्वी ठेवायला हवे होते. नाटक अधिक क्रूर झाले असते आणि माझ्या मते अधिक खरे.

आमचे वाचन जुलैतल्या एका रविवारी काकांच्या घरी झाले. बाहेर पाऊस असा की समोरचा जलाशय दिसत नव्हता. मी शाळेत शिकवते म्हणून बेणारे मीच वाचावी असे सर्वांचे म्हणणे पडले. मी नको म्हटले, काकूंनी वाचली. साठी उलटलेल्या बाईच्या तोंडून ती तरुण बाई ऐकताना पहिली पाच मिनिटे विचित्र वाटले, मग वाटेनासे झाले. सुखात्मे काकांनी हौसेने मागून घेतला. काशीकर वाचायला कोणी तयार होईना, शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. त्या वहिनींच्या नावावर आल्या आणि त्यांनी इतका अस्सल काशीकर वाचला की आम्ही त्यांच्याकडे चोरून पाहू लागलो. सहावे गृहस्थ आले नव्हते, तेव्हा उरलेले साक्षीदार मी एकटीने वाचले.

सामंत हॉटेलातल्या तरुणाकडे होता. शेवटी गावकरी दाराशी येतात, मंडळी भानावर येऊन रात्रीच्या खेळाच्या तयारीला लागतात, ‘खेळच होता तो’ म्हणून बाईंची समजूत घालतात, आणि सामंत जाता जाता तो पोपट तिच्याजवळ ठेवतो. आमच्याकडे पोपट नव्हता. वहिनींच्या मुलाचा हिरवा रबरी बेडूक कोपऱ्यात पडला होता, तो त्याने उचलला आणि काकूंच्या चष्म्याशेजारी ठेवला. बेडूक चीं करून वाजला. कोणी हसले नाही.